बोट कुठे लागली?

आमचे सरावलीचे घरमालक प्रत्येक गोष्टीची पोच देत आणि मागत. पोच म्हणजे दिलेली वस्तू मिळाली असं घेणाऱ्याने लिहून देणं. भाड्याची पोच दिली तर त्यात नवल नाही. पण मी एकदा त्यांच्याकडे वाटीभर शिरा पाठवला, तर परत आलेल्या वाटीत चिठ्ठी होती: ‘शिरा मिळाला. वाटी एक, झाकणासह परत.’ खाली सही आणि तारीख. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीने मला जिन्यात गाठलं आणि शांतपणे म्हणाल्या, “आमच्या वडिलांनी मुलगी दिली तेव्हा मात्र यांनी पोच दिली नाही. दिली असती तर मीही कधीच झाकणासह परत गेले असते.”

ईरा, तू फोनवर विचारलंस की आपल्याकडे पोलिसांचे आणि कोर्टाचे जुने कागद साध्या माणसाला मिळतात का, आणि मिळतात तर कसे. तू तिकडे कायदा शिकते आहेस, तुला नीट उत्तर हवं म्हणून मी मुद्दे काढायला बसले. पण प्रत्येक मुद्द्यावर हेच गृहस्थ येऊन बसायला लागले. तेव्हा मुद्दे बाजूला ठेवून मी त्यांच्याबद्दलच लिहिते आहे. तुझं उत्तर त्यातच मिळेल. निखिल, तुला कायद्याचा कंटाळा आहे हे मला माहीत आहे. पण माणसांचा नाही, म्हणून तूही वाच.

तुमचे आजोबा अणुऊर्जा प्रकल्पातून निवृत्त झाले तेव्हा तारापूरच्या कॉलनीतलं क्वार्टर सोडावं लागलं आणि बोईसरचा आपला फ्लॅट अजून तयार नव्हता. मधल्या काळात आम्ही सरावलीला या गृहस्थांच्या घरात वरच्या मजल्यावर राहिलो. ते मूळचे साताऱ्याकडचे. तरुणपणी इथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून आले आणि इथलेच झाले. करारावर सह्या करायच्या दिवशी त्यांनी आजोबांना विचारलं, “तुमच्यावर कुठे केस आहे का?” आजोबा ताठच झाले. त्यावर ते घाईने म्हणाले, “नसली तरी चालेल. असली तर नंबर सांगा, कागद काढून आणेन.” दुसरे घरमालक पाणी किती वाजता येतं ते सांगतात, तसा त्यांचा सूर होता.

कोर्टात जायच्या दिवशी ते फिक्या रंगाचा सफारी घालत. पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कोर्ट फीचे स्टॅम्प ठेवलेली सुपारीची जुनी डबी आणि डिंकाची बाटली. सरकारी डिंक कायम वाळलेला असतो असं त्यांचं म्हणणं होतं. पेन दोऱ्याने शर्टाच्या बटणाला बांधलेलं. कोणी पेन मागितलं तर ते नाही म्हणत नसत, फक्त जवळ या म्हणत. त्यामुळे पालघरच्या कोर्टात कितीतरी अनोळखी माणसं त्यांच्या छातीशी वाकून सह्या करून गेली असतील. खिडकीपुढच्या रांगेत ते मुद्दाम शेवटी उभे राहत. पुढच्या माणसाला क्लार्क घालवायला बघतो, शेवटच्याशी बोलतो, हा त्यांचा अनुभव. तिथल्या कोणाला ते साहेब म्हणत नसत, नावानेही हाक मारत नसत. खात्याच्या नावाने मारत. “अहो नक्कल विभाग, चहा घेता का?” आणि नक्कल विभागातला तो माणूस हसून मान वर करत असे.

हे वेड त्यांना कुठून लागलं, याची मला फार उत्सुकता होती. त्यांनी आपणहून सांगितलं नाही. त्यांच्या पत्नीने सांगितलं, आणि मग त्यांनी त्यात दुरुस्त्या केल्या.

तरुणपणी त्यांच्या कारखान्यातून तांब्याची तार चोरीला गेली होती. पोलीस पंचनामा करायला आले. पोलिसांनी जागेवर काय पाहिलं आणि काय ताब्यात घेतलं ते लिहिताना बाहेरची माणसं साक्षीला लागतात, त्यांना पंच म्हणतात. स्टोअरकीपर समोरच उभा होता, त्याला पंच केलं. त्याने सही केली. बऱ्याच वर्षांनी कोर्टाचं समन्स आलं. आरोपीच्या वकिलाने विचारलं, ही सही तुमची का? हो. वाचून केलीत? यावर आमच्या घरमालकांनी खरं ते सांगितलं, की साहेब लिहीत होते तेव्हा मी सगळ्यांसाठी चहा आणायला गेलो होतो. कोर्टात हशा पिकला. पिंजऱ्यातला आरोपीही हसला आणि पुढे तो सुटलाही.

“तो सुटला त्याचं मला काही नाही,” ते मला म्हणाले होते. “चोर नसेलही तो. पण माझ्या सहीच्या वर काय लिहिलं होतं, ते मला आजही माहीत नाही.”

निवृत्त झाल्यावर ते तो पंचनामा शोधायला निघाले. पालघर तेव्हा नुकता वेगळा जिल्हा झाला होता. जुने कागद कुठले ठाण्याला राहिले आणि कुठले इकडे आले, हे त्यांना आधी शोधावं लागलं. पोलीस ठाण्यातून कोर्टात, कोर्टातून रेकॉर्ड रूममध्ये, तिथून ठाण्याला. शेवटी कळलं की इतक्या जुन्या फायली ठरावीक मुदतीनंतर नियमाप्रमाणे नष्ट करतात, तशी ती केली आहे. दुसरा कोणी घरी आला असता. यांनी ‘नष्ट केली’ असं सही-शिक्क्यानिशी लिहून मागितलं आणि मिळवलं. तो दाखला त्यांच्या फायलीत सगळ्यात वर होता. नाही हेही उत्तर असतं, फक्त ते लेखी पाहिजे, असं ते म्हणत.

त्या शोधात त्यांना सगळ्या वाटा माहीत झाल्या, आणि मग लोक त्यांच्याकडे यायला लागले.

येणारा माणूस सहसा नाव सांगून सुरुवात करत असे. अमक्याची केस, तमक्याची तक्रार. ते हात वर करून थांबवत. नाव शेवटी. आधी तीन गोष्टी: कुठे घडलं, कधी घडलं, आणि पहिला कागद कोणी लिहिला. तू कुठे राहतोस याच्याशी कागदाला काही देणंघेणं नसतं, जिथे घडलं तिथे तो असतो, हे ते इतक्या वेळा सांगत की त्यांच्या पत्नी आतून भांडी घासता घासता वाक्य पूर्ण करत.

उमरोळीच्या एका शिक्षकाचं पाकीट स्टेशनवर मारलं गेलं होतं. तो गावातला म्हणून गावाच्या पोलिसांकडे हेलपाटे घालत होता. घरमालक त्याला घेऊन उमरोळीच्या फलाटावर गेले, मीही कुतूहलाने बरोबर गेले होते. फलाटाच्या कडेला उभे राहून त्यांनी दाखवलं: “या बाजूला रेल्वे पोलीस.” मग उतारावरून खाली रस्त्यावर आले. “इथे जिल्हा पोलीस. पाकीट कुठल्या पायाखाली गेलं ते आठवा.” बाकावर बसलेल्या बायका बघत राहिल्या. शिक्षकाने डोळे मिटून आठवलं आणि कबूल केलं की फलाटावर. त्याचं काम पुढे रेल्वे पोलिसांकडे झालं.

सरावलीतच एका खोलीत राहणारा उत्तर प्रदेशचा मुलगा आला होता. त्याचा मोबाइल हिसकावला गेला होता, गुन्हा नोंदवला होता, पण हातात काहीच नव्हतं. “अंकल, साहब बोले बाद में आना.” घरमालकांनी त्याला सांगितलं, जो फिर्याद देतो त्याला एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो हक्क आहे, मेहेरबानी नाही, आवाज न चढवता एवढंच म्हण आणि तिथेच उभा राहा. आता बऱ्याचशा एफआयआर पोलिसांच्या वेबसाइटवरही दिसतात. बायकांवरच्या अत्याचाराच्या, मुलांच्या, अशा नाजूक प्रकरणांच्या दिसत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. कोर्टातल्या केसची तारीख, निकाल हेही वेबसाइटवर मिळतं. ते बघायचं काम माझ्याकडे होतं. मी लॅपटॉप उघडला की ते चुलीपासून दूर बसावं तसे अंतर ठेवून बसत. म्हणत, यात कागद आहे एवढं कळतं. सही-शिक्क्याची नक्कल हातात येईपर्यंत कोणती कचेरी ऐकणार नाही.

सगळ्यांनाच ते मदत करत असं मात्र नाही. एक ओळखीचे गृहस्थ शेजाऱ्याच्या घटस्फोटाचे कागद हवेत म्हणून आले. केसशी संबंध नसलेल्या माणसाला नक्कल मागताना कारण लिहावं लागतं. घरमालकांनी अर्ज पुढे ओढला, पेन उघडलं आणि कारण विचारलं. गृहस्थ म्हणाले, असंच. “असंच हे कारण त्या रकान्यात लिहून चालत नाही,” असं म्हणून त्यांनी पेन मिटलं. गृहस्थ चहा न घेता गेले. चहाची पोच राहिली, असं त्यांच्या पत्नी नंतर म्हणाल्या.

आता हिराबाईंचं सांगते. त्यांच्यामुळेच हे सगळं मला लिहावंसं वाटलं.

हिराबाई तारापूरकडच्या किनाऱ्यावरच्या गावातून आमच्या दारी मासे घेऊन यायच्या. बोंबील, मांदेली, कधी कोळंबी. उंच, हाडापेराने मजबूत बाई, हातात हिरव्या बांगड्या. त्यांचा नवरा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होता. एका हिवाळ्यात बोट समुद्रात गेली आणि त्याच्याशिवाय परत आली. सकाळी बघतात तर तो बोटीवर नव्हता, एवढंच बाकीच्यांनी सांगितलं. शरीर सापडलं नाही. या गोष्टीला सात वर्षं होऊन गेली होती.

घर नवऱ्याच्या नावावर होतं. छप्पर दुरुस्त करायचं तरी मालकाची सही हवी. दीर म्हणत होता, भावाचं घर आहे, भाऊ नाही तर मी बघतो. त्याने ग्रामपंचायतीत स्वतःचं नाव लावायची खटपट सुरू केली होती. हिराबाईंना मूल नव्हतं. घर गेलं तर त्यांना नालासोपाऱ्याला बहिणीच्या एका खोलीत जावं लागलं असतं, किनारा आणि धंदा सोडून. नवरा गेल्याचा दाखला असता तर घर त्यांच्या नावावर झालं असतं. पण शरीर नाही, म्हणून दाखला नाही. पोलिसांत बेपत्ता म्हणून नोंद असेल तर ती घेऊन कोर्टात जाता येतं, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. त्या तारापूरला विचारून आल्या. तिथल्या माणसाने बिचाऱ्याने सगळं उघडून पाहिलं, अशी नोंद नव्हती. तेव्हापासून दिराने गावात बोलायला सुरुवात केली की तक्रारच कुठे आहे? तो बुडालाच नाही. गुजरातला गेला असेल, दुसरं घर केलं असेल.

पाटी उतरवून हे सगळं त्यांनी मला दारातच सांगितलं. “बाय, तुमी शिकलेल्या. एक अर्ज लिवून द्या, म्हंजे तो कागद मिळेल.” अर्ज कोणाला लिहायचा हेच मला कळेना. मी त्यांना खाली घेऊन गेले.

घरमालकांनी नेहमीसारखा हात वर केला. गाव विचारलं नाही, नवऱ्याचं नावही विचारलं नाही.

“बोट कुठे लागली?”

हिराबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. “बोट? बोट वरच्या बंदराला लागली. डहाणूच्या अंगाला. माणूस टाकून गावाच्या धक्क्याला यायची तांडेलची छाती झाली नाय.”

तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. घरमालक उठून उभेच राहिले. पहिला कागद तांडेलने लिहून दिला असणार, आणि बोट लागली तिथेच दिला असणार. गावातल्या सगळ्यांनी सात वर्षं एकमेकांना तक्रार तारापूरला आहे म्हणून सांगितलं होतं, कारण गावाला पोलीस म्हणजे तारापूर. तांडेल पुढे वेरावळला कामाला गेला, बोट विकली गेली, आणि विचारायला कोणी उरलं नाही. हिराबाईंना तर त्या दिवसांत घराबाहेरच पडू दिलं नव्हतं.

अर्ज हिराबाईंच्या नावाने झाला. बायको म्हणून त्यांना तो कागद मागायचा अधिकार होता. आधार कार्ड, रेशन कार्ड, साधारण महिना आणि वर्ष, तांडेलचं नाव, आणि ठळक अक्षरात बोटीचं नाव. नवऱ्याचं नाव खाली. घरमालकांनी त्याच मजकुराचा आणखी एक अर्ज माहितीच्या अधिकाराखाली तयार ठेवला. पहिला विनंतीचा, तो अडला तर दुसरा कायद्याचा, त्याला मुदतीत उत्तर द्यावंच लागतं. सही करण्याआधी त्यांनी दोन्ही अर्ज हिराबाईंना सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवले. माहिती अधिकाराचं कलमसुद्धा.

“काका,” हिराबाई म्हणाल्या, “तुमचं वाचून होईपरेंत माजे बोंबील सुकतील. सुके इकायला लागतील.”

“विका. पण न ऐकता सही करायची नाही.”

आम्ही तिघं त्या बंदराच्या पोलीस ठाण्यात गेलो. आलेले-गेलेले कागद जिथे नोंदतात त्या टेबलाला तिथे बारनिशी म्हणतात. घरमालकांनी अर्ज दिला, आमच्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली आणि बाकावर भाकरी उघडून बसले. तिथल्या तरुण हवालदाराने जुनी रजिस्टरं मागच्या खोलीत आहेत, बघून कळवतो म्हणून सांगितलं. घरमालक म्हणाले, माणसाच्या नावाने बघू नका, बोटीच्या नावाने बघा. हवालदाराला गंमत वाटली असावी, तो तेव्हाच आत गेला. बराच वेळ आतून लोखंडी कपाटाचे आवाज येत राहिले. हिराबाई एकदाही बसल्या नाहीत.

तो बाहेर आला आणि म्हणाला, “मावशी, आहे.”

मला वाटलं त्या रडतील. त्यांनी फक्त पदर कमरेला घट्ट खोचला आणि विचारलं, “म्हंजे तो पळाला नाय असं लिवलंय?” हवालदाराने सांगितलं की बोटीवरून बेपत्ता असं लिहिलं आहे. हिराबाईंनी मान हलवली. गावात जाऊन पहिल्यांदा त्या हेच सांगणार होत्या, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

नक्कल हातात यायला काही आठवडे गेले. ती आली तेव्हा घरमालकांनी ओट्यावर बसून मोठ्याने वाचली. वय, उंची, रंग सावळा, अंगात निळी बनियन.

“नाय,” हिराबाई म्हणाल्या.

घरमालक थांबले.

“पिवळा टी-शर्ट होता. गावाच्या क्रिकेटच्या टीमचा, पाठीवर नंबर. तो इकेटकीपर होता. मी धुवून दिला, तो घालून गेला. निळी बनियन कुठली? त्याच्याकडं निळी बनियनच नव्हती. खोडा ते आणि बरोबर लिवा.”

घरमालक इतके दचकले की त्यांनी कागद छातीशी धरला. सरकारी कागदावर खाडाखोड करायची नाही, असं त्यांनी सांगितलं. कागद चुकला असेल तर त्याच्या शेजारी दुसरा खरा कागद ठेवायचा असतो. हिराबाईंनी विचारलं, तो दुसरा कुठे मिळतो? “मिळत नाही. तुमच्या तोंडून होतो. कोर्टात जबाब द्याल तेव्हा.”

तोपर्यंत कोर्टात जायचं हिराबाईंच्या मनात नव्हतं, हे मला माहीत होतं. ही नक्कल दिराच्या तोंडावर टाकायची, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. कोर्टात जायचं म्हणजे नवरा मेला असं आपणच मागायला जायचं. त्यांनी नक्कल घरमालकांच्या हातून घेतली आणि तिची नीट घडी घातली. मग म्हणाल्या, “मंग मी सांगते. त्या तांडेलला काय म्हाईत, त्यानं काय घातलं होतं.”

बायकांना वकील फुकट मिळतो, ईरा, हे तुला माहीत असेल. आमच्या इथे कितीतरी बायकांना माहीत नाही. पालघरला विधी सेवा समितीकडून एक तरुण वकीलबाई मिळाल्या. कायदा असा आहे की ज्यांना एखाद्याची खबर सहज कळली असती, त्यांना सात वर्षं काहीच कळलं नाही, तर तो माणूस हयात नाही असं कोर्ट धरू शकतं. पेपरात नोटीस छापली, तारखा पडल्या, दीर एकदा आला आणि नक्कल बघून परत आला नाही. हिराबाईंच्या साक्षीच्या दिवशी मीही गेले. घरमालक मागच्या बाकावर बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते, जणू साक्ष त्यांचीच होती.

न्यायाधीशांनी विचारलं, नवऱ्याकडून काही कळलं का? नाय. फोन, निरोप, कोणी पाहिल्याचं सांगितलं? नाय साहेब. एवढ्यावर साक्ष संपत होती. हिराबाई खाली उतरल्या नाहीत. वकीलबाईंकडे न बघता त्या म्हणाल्या की पोलिसांच्या कागदात कपडा चुकीचा आहे, आणि पिवळ्या टी-शर्टचं सगळं सांगितलं, पाठीवरच्या नंबरासकट. न्यायाधीशांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं आणि मग ते सगळं टाइप करायला सांगितलं. मी मागे वळून पाहिलं तर घरमालक डोळे पुसत होते. मला बघताच त्यांनी पेनचा दोरा नीट करायला घेतला.

निकाल हिराबाईंच्या बाजूने झाला. कायद्याच्या लेखी त्यांचा नवरा मृत झाला. त्याच दिवशी आम्ही खालच्या खिडकीवर नकलेचा अर्ज भरायला गेलो. घरमालक रांगेत शेवटी उभे होते, आम्ही त्यांच्या शेजारी. खिडकी आली तेव्हा किती प्रती लिहायच्या, असं त्यांनी स्वतःलाच विचारल्यासारखं विचारलं आणि स्वतःच सांगितलं, दोन.

हिराबाईंनी विचारलं, दुसरी कोणाला?

एक ग्रामपंचायतीत, ते सांगू लागले. ती दिली की मृत्यूची नोंद, मग दाखला, मग घरावर तुमचं नाव. दुसरी वरच्या बंदराच्या पोलीस ठाण्यात. ती दिली की तिथली बेपत्ताची नोंद बंद होते.

“बंद म्हंजे?”

“म्हणजे शोध संपला असं ते लिहितात.”

“आजून शोधतात?”

घरमालक कधीच खोटं सांगत नसत, त्यामुळे त्यांना थोडा वेळ लागला. कोणी होडी घेऊन फिरत नाही, ते म्हणाले. पण रजिस्टरात तुमच्या नवऱ्यापुढे ‘तपास चालू’ असं आहे. कागद जाईपर्यंत ते तसंच राहील.

“आणि मी नाय नेऊन दिला तर? कोर्ट कळवेल?”

“आपणहून कळवत नाही. त्यांना कोणी सांगितलंच नाही तर त्यांना कळणार नाही.”

खिडकीच्या आतला माणूस वाट बघत होता. हिराबाई खिडकीकडे नाही, बाहेर अंगणात उभ्या असलेल्या लोकांकडे बघत होत्या.

“मंग एकच काढा, काका.”

मला वाटलं ते आता नियम सांगतील. अर्धवट राहिलेली नोंद त्यांना सहन होत नसे. कोणाच्या फायलीत एक कागद कमी असला तरी त्यांना जेवण जात नसे. त्यांनी अर्जावर पेन टेकवलं, पुन्हा उचललं, मग प्रतींच्या रकान्यात ‘एक’ असं अक्षरी लिहिलं आणि शेजारी आकडाही घातला.

घर हिराबाईंच्या नावावर झालं. छप्पर त्यांनी नवीन पत्र्याचं केलं. आम्ही पुढे बोईसरला आलो आणि आमचे घरमालकही आता नाहीत. पण त्या दिवशी पालघरहून परत येताना मी त्यांना विचारलं होतं की असं चालतं का, एका कचेरीत माणूस मेलेला आणि दुसऱ्या कचेरीत त्याचा शोध चालू. हिराबाई पुढच्या सीटवर रिकामी पाटी मांडीवर घेऊन झोपल्या होत्या. त्यांच्याकडे एकदा बघून ते हळू आवाजात म्हणाले, “सरकारी कचेऱ्या एकमेकींशी बोलत नाहीत म्हणून मी एवढी वर्षं भांडलो. आज नाही बोलल्या, ते बरं झालं.”